नवऱ्याची जीभ

माझी वाक्यं दुकानात टांगलेली होती आणि त्यांच्याखाली माझ्या नवऱ्याचं नाव होतं. पोस्टकार्डाएवढा जाड पांढरा पुठ्ठा, त्यावर काळ्या शाईतलं वळणदार अक्षर, आणि तो एका निळसर बाटलीच्या गळ्याशी दोऱ्याने बांधलेला. 'आधी ओल्या पाटीवरून नुकत्याच पुसलेल्या पेन्सिलीचा वास. मग कच्च्या नासपतीची साल. शेवटी काहीच नाही, पण ते काहीच नाही जिभेवर बराच वेळ टिकतं.' हे मी म्हटलं होतं. मागच्याच शनिवारी, खिडकीजवळच्या बाकावर बसून, नवऱ्याच्या डाव्या कानात. त्याने मान वर केली, घसा खाकरला आणि उजवीकडे बघून मोठ्या आवाजात शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. तेव्हा मी कपाळावरचे केस मागे सारले. आता ते पुठ्ठ्यावर आलं होतं. दुकानाचे मालक, ज्यांना सगळे डॉक्टर म्हणतात कारण वीस वर्षं त्यांनी लोकांचे दात काढले आणि मग तो धंदा बंद करून हे साकेचं, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूचं, दुकान थाटलं, ते नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की अशी जीभ मी आजवर पाहिली नाही, आणि मी खूप जिभा पाहिल्यात. सगळे हसले. दुकानातल्या सगळ्या बाटल्यांची कार्डं तुम्हीच लिहा, असंही ते म्हणाले. नवरा लाजला. खरोखर लाजला, हे विशेष. मग माझ्याकडे वळून डॉक्टर म्हणाले, वहिनी, तुम्हाला कसा काय कंटाळा येत नाही हो आमच्यात, नुसतं बसून? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, नाही, कंटाळा कसला.

घरी येताना नवरा मला म्हणाला की तू सांगत जा, मी लिहीत जाईन. जणू भाजी तू चिर, फोडणी मी देतो. माझ्या तोंडात एक शिवी आली होती ती मी गिळली, आणि गिळल्यावर तिची चव काय लागते हे मला सव्वीस वर्षांच्या अभ्यासाने पाठ आहे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबाला निदान ते बीळ दुसऱ्याचं आहे हे ठाऊक असतं. याला तेही ठाऊक नव्हतं. त्याला खरंच वाटत होतं की माझं कुजबुजणं आणि त्याचं बोलणं मिळून ती चव त्याला कळली. रस्ता ओलांडताना त्याने नेहमीसारखा माझा दंड धरला. मी तो सोडवून घेतला तर म्हणाला, काय झालं? तब्येत बरी नाही का?

डॉक्टरांच्या या साके चाखायच्या वर्गाला मी स्वतःहून गेलेच नव्हते. नवरा पंप विकतो, म्हणजे पंप विकणाऱ्या कंपनीत बऱ्यापैकी वर आहे, आणि त्या कंपनीने यंदा जपानमधल्या पंपवाल्यांशी हात मिळवला. कुणीतरी याच्या कानात सांगितलं की ती माणसं कचेरीत तोंड उघडत नाहीत, साकेच्या दोन पेल्यांनंतर उघडतात. मग काय, साहेब निघाले साके शिकायला. डॉक्टरांकडे पाच शनिवार, दुपारी चार ते सहा, आणि बाक दोघांचे, म्हणून जोडीने या. मी म्हटलं, मी कशाला, मला दारूच्या वासानेच कसंतरी होतं. नवरा म्हणाला, तू नुसती बस. नुसतं बसणं ही माझी नोकरी असल्यासारखं तो कायम बोलतो. नोकरी मात्र माझी वेगळी आहे. मी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत तेवीस वर्षं पाणी तपासते. यंत्रं आहेत, नळ्या आहेत, रसायनं आहेत, पण तक्त्यात दोन रकाने असे आहेत की ते माणसानेच भरायचे, वास आणि चव. पाणी चाळीस अंशांपर्यंत कोमट करायचं, झाकण उचलायचं आणि नाक खाली न्यायचं. गार पाणी लबाड असतं, सगळं पोटात ठेवतं, कोमट केलं की बोलायला लागतं. ते दोन रकाने गेली तेवीस वर्षं मी भरते, आणि खाली सही मुख्य रसायनतज्ज्ञांची असते.

म्हणून पहिल्या शनिवारी डॉक्टरांनी पांढऱ्याशुभ्र पेल्यात दोन बोटं साके ओतली आणि पेल्याच्या तळाशी दोन निळी वर्तुळं दिसली, तेव्हा मला हसूच आलं. आमच्याकडे गढूळपणा बघायच्या नळीच्या तळाशी काळी फुली असते. म्हणजे इथेही कुणीतरी माझ्यासारखंच वाकून बघत बसलेलं असणार. मी नाक खाली नेलं. दारूचा वास येईल म्हणून श्वास अर्धा धरलेला, आणि आला तो धुतलेल्या तांदळाचा. नंतर थंडीत सकाळी खिडकी उघडल्यावर येतो तसला, ज्याला नाव नाही. एक घोट घेतला. तोंडात आधी पाणी आलं, चांगलं, हलकं, क्षार फार नसलेलं पाणी, मी ते लगेच ओळखलं, आणि मग त्या पाण्याच्या मागून बाकीचं सगळं हळूहळू आलं. मला वाटतं मी डोळे मिटले असावेत. डॉक्टर सांगत होते की तांदळाचा दाणा घासून घासून बारीक करतात, बाटलीवरचा आकडा म्हणजे दाण्याचा किती भाग उरला तो, आणि वाफवलेल्या तांदळावर मुद्दाम बुरशी वाढवतात, त्यातून हे सगळं उभं राहतं. बाकीचे वहीत आकडे उतरवून घेत होते. मी पेल्याच्या तळाकडे बघत होते. पन्नाशी उलटल्यावर बाईला नवीन काही आवडेल अशी कुणी अपेक्षा करत नाही. ती स्वतःही करत नाही. आणि मला हे आवडलं होतं, इतकं आवडलं होतं की परत येताना मी दोनदा नवऱ्याला विचारलं, पुढच्या शनिवारी काय आहे?

दुसऱ्या शनिवारी जड पाण्याची आणि हलक्या पाण्याची साके शेजारी शेजारी ठेवली होती. डॉक्टरांनी विचारलं, फरक काय? बाकीचे वह्या चाळायला लागले. मी नवऱ्याच्या कानात म्हटलं, डावीकडचं पाणी जड आहे, खडकातून आलेलं. नवऱ्याने ते जाहीर केलं. डॉक्टर उडालेच. म्हणाले, हे मी तुम्हाला अजून शिकवलेलंही नाही. जड पाण्यात खमीर जोराने काम करतं, पेय धारदार होतं, हलक्या पाण्यात सावकाश होतं म्हणून मऊ. मग काय, दर शनिवारी तेच. मी कुजबुजायची, तो बोलायचा. तुम्ही म्हणाल, तूच का नाही बोललीस, तोंडाला काय कुलूप होतं? होतं. कुणी लावलं होतं ते आठवायचं तर वडिलांपाशी जावं लागतं. मी सात-आठ वर्षांची असताना वडील पाहुण्यांसमोर मला उभी करायचे, डोळ्यांना रुमाल बांधायचे, आणि समोर चार भांडी पाणी. हे विहिरीचं, हे नळाचं, हे कालचं, हे आजचं. मी एकदाही चुकले नाही. टाळ्या वाजायच्या आणि वडील मान लववायचे. वडील! एकदा मी विचारलं, बाबा, लोक तुम्हालाच का शाबास म्हणतात? ते म्हणाले, अगं, मुलगी कुणाची? मला तेव्हा ते उत्तर फार आवडलं होतं. त्याचाच राग आज सगळ्यात जास्त येतो.

आणि प्रयोगशाळेत नऊ वर्षांपूर्वी, उत्तरेकडच्या टाकीच्या नमुन्यात मला औषधाच्या कपाटासारखा वास आला. यंत्र म्हणालं काही नाही. मी तीनदा कोमट करून बघितलं आणि तक्त्यात लिहिलं, आणि मुख्य रसायनतज्ज्ञ म्हणाले बाई, सर्दी झालीय का? चौथ्या दिवशी यंत्रालाही कळलं. टाकी बंद केली, अर्धं शहर वाचलं, पुढच्या महिन्यात त्यांचा सत्कार झाला. मी दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. कुणाची म्हैस आणि कुणाला उठबैस. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, जाऊ दे गं, पाणी चांगलं झालं ना. हा माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर त्याच्यावर रागावणं किती सोपं होतं. तो मारत नाही, ओरडत नाही, पगार लपवत नाही. तो फक्त घेतो, आणि आपण घेतलं हे त्याला कळत नाही. पेन, छत्री, माझी उशी, माझी वाक्यं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की जपानी रीतीप्रमाणे आपला पेला आपण भरायचा नाही, शेजाऱ्याने बघायचं आणि भरायचा. नवऱ्याचा पेला मी पाचही शनिवार भरला. माझा भरला तो पलीकडच्या बाकावरच्या एका चष्मेवाल्या मुलीने, हात लांब करून.

कार्ड पाहिल्यानंतरचे चार दिवस मी धुमसत काढले. बुधवारी प्रयोगशाळेत एक नळी फोडली. तेवीस वर्षांत पहिली. गुरुवारी संध्याकाळी सहाला नवरा दोन सारख्याच बाटल्या घेऊन आला, तपकिरी, साध्या कागदात गुंडाळलेल्या. जपानहून एक म्हातारे इंजिनियर आले होते, पंपांच्या करारावर त्यांचा शब्द शेवटचा, आणि रविवारी दुपारी ते आपल्याकडे जेवायला येणार होते, सोबत दुभाषी मुलगी आणि नवऱ्याचे मोठे साहेब. बाटल्या त्यांनीच भेट दिल्या होत्या. यातली एक रविवारी उघडू, नवरा म्हणाला, दुसरी तू आत्ता चाखून बघ आणि मला नीट सांग, मी पाठ करतो. त्याने खिशातून छोटी वही काढली. वही आणली होती! स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शाळेतल्या मुलासारखा बसला, पेनचं टोपण दातात.

मी पाठमोरी होऊन बाटली उघडली. आधी गारच घेतली. बंद होती, रुसल्यासारखी. मग अर्धा पेला वाटीत ओतून वाटी गरम पाण्यात ठेवली, सवयीने, बोट बुडवून. चाळीसच्या थोडं वर गेल्यावर ती उघडली. भाताच्या भांड्यावरचं झाकण उचलल्यावरची वाफ, भाजलेल्या दाण्यांची टरफलं, आणि घोट गिळताच सगळं एका रेषेत संपलं, सुरीने कापल्यासारखं. जड पाणी, डोंगरातलं. मी आजवर चाखलेल्या सगळ्यांत ही एक अशी होती की जी स्वतःला आवडवून घ्यायला बघत नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मागून आवाज आला, हं, सांग. चमचाभर आमटीत मीठ कमी की जास्त विचारावं तसं. त्या 'हं, सांग'ने माझ्या आत काहीतरी तडकलं. मी वळलेच नाही. शांतपणे सांगितलं, पाणी हलकं आहे, अगदी मऊ. खरबुजाचा वास. फुलांचाही. ही बर्फात बुडवून द्यायची, शक्य तर पेल्यातही बर्फाचा खडा घालायचा. गरम केली तर मेली म्हणून समजा. पेन कागदावर चरचर चालत होतं. बर्फाचा खडा, तो पुटपुटला, छान, हे त्यांना आवडेल. मी वाटीतली उरलेली साके पिऊन टाकली आणि भांडी घासायला घेतली. मला इतकं बरं वाटलं की लाज वाटायला हवी होती. रविवारी सगळ्यांसमोर याचं नाक कापलं जाणार, मग बघू कोण कार्डं लिहितं.

रविवारी दुपारी एकला माणसं आली. म्हातारे इंजिनियर लहानखुरे होते, कानात यंत्र, कोटाची बटणं सगळी लावलेली. दुभाषी मुलगी पंचविशीची, प्रत्येक वाक्य दोन्ही बाजूंना जसंच्या तसं पोचवणारी, अगदी मीठ द्या हेही. मोठे साहेब खुर्चीत ऐसपैस. नवऱ्याने बर्फाच्या भांड्यातून बाटली काढली, पुसली, पेल्यांत खडे टाकले. खडा पडल्याचा टण् आवाज झाला तेव्हा म्हाताऱ्यांनी पेल्याकडे पाहिलं आणि लगेच नजर उचलली. मग नवरा बोलला. पाणी हलकं, मऊ, खरबूज, फुलं. काय सुरेख बोलला. मुलीने भाषांतर केलं. मी श्वास रोखून म्हाताऱ्यांकडे बघत होते. त्यांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि मान लववली, एकदा, दोनदा. मुलगी म्हणाली, ते म्हणतात, अगदी बरोबर ओळखलंत. मोठ्या साहेबांनी टेबलावर थाप मारली. आमच्या माणसाची जीभ आहेच तशी, दुकानात त्याच्या नावाची कार्डं लागतात, असं मुलीला सांगायला सांगितलं. तिने सांगितलं. म्हाताऱ्यांनी तिसऱ्यांदा मान लववली.

म्हणजे खोटंही चाललं. याच्या तोंडून खोटंसुद्धा बरोबर ठरतं. मी खुर्चीची कड धरून बसले होते आणि माझी बोटं दुखत होती. माझं खरं मी कुजबुजावं, आणि याचं खोटं टेबलावर थाप घेतं! गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, पण इथे गाढवाचाच सत्कार चालला होता. आणि मग म्हातारे काहीतरी बोलले, हळू, पेल्याकडे बघत. मुलगी म्हणाली, ही त्यांच्या गावची आहे. त्यांचे थोरले भाऊ बनवतात, म्हणजे बनवत होते. यंदा गुडघ्यांमुळे त्यांनी काम सोडलं. ही त्यांच्या हातची शेवटची. अरे वा, मोठे साहेब म्हणाले. नवरा म्हणाला, आमचं भाग्य. म्हाताऱ्यांचा पेला भरलेलाच होता. बर्फ वितळून वरचा थर पाण्यासारखा दिसायला लागला होता. पाहुण्याने बोलू नये म्हणून ते बोलले नव्हते. भावाच्या हातची शेवटची साके त्यांनी समुद्रापलीकडे आणली, एका माणसाने तिच्यात बर्फ टाकला, आणि ते मान लववत होते. हे त्या माणसाने नव्हतं केलं. हे मी केलं होतं. नवऱ्याचं नाक कापायला निघाले होते आणि सुरी भलत्याच्याच गळ्यावर ठेवली होती. राग कमी झाला नाही. उलट वाढला, फक्त आता त्यात मीही होते, आणि माझ्यावरचा राग नवऱ्यावरच्या रागापेक्षा जास्त कडू लागला.

"हे चूक आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "यात खरबूज नाही, फुलं नाहीत. पाणी जड आहे, डोंगरातलं. ही गरम करून प्यायची आहे."

मुलीचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. नवरा माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. हात सुटलेल्या पोरासारखा.

"पण तूच तर सांगितलंस असं," तो म्हणाला. "मी लिहून घेतलंय."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याने चार माणसांत कबूल केलं की शब्द माझे आहेत, आणि ते केलं ते चुकीचं खापर माझ्या डोक्यावर फोडायला. मोठे साहेब हसायचा प्रयत्न करत होते. मी म्हटलं, हो, मीच सांगितलं, मुद्दाम खोटं सांगितलं, यांची फजिती व्हावी म्हणून. हे त्यांना सांगा, मी मुलीला म्हटलं. मुलगी नवऱ्याकडे वळली.

"सांगू का, सर?" तिने विचारलं.

"त्यांना काय विचारतेस?" मी म्हटलं. "बोलतेय मी."

फ्रिज सुरू झाल्याचा आवाज आला. मग नवरा टेबलक्लॉथकडे बघत म्हणाला, सांगा. चव हिलाच कळते. मला कधीच कळली नाही, हीच सांगते मला. मुलगी बराच वेळ बोलत होती, इतका वेळ की आम्ही बोललो त्याच्या दुप्पट असावा. म्हाताऱ्यांनी ऐकलं, कानातलं यंत्र जरा सारखं केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मान लववली नाही. नुसतं पाहिलं, आणि आपला पेला दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला.

मी बाटली उचलली आणि स्वयंपाकघरात गेले. पातेल्यात पाणी ठेवलं. जे वाक्य ऐकण्यासाठी मी इतकी वर्षं जीव टाकत होते ते ऐकून झालं होतं, आणि राग अजून तसाच होता. पाठोपाठ नवरा आला. दाराशी उभा राहिला. कार्डाचं मी उद्याच डॉक्टरांना सांगतो, म्हणाला. मी म्हटलं, ते सांगालच. बाहेर मोठे साहेब हवामानाबद्दल काहीतरी बोलत होते आणि मुलगी तेही पोचवत होती. मी उभट भांड्यात साके ओतली आणि ते पातेल्यात उभं केलं. नवरा जवळ आला. वहीसाठी त्याचा हात खिशाकडे गेला आणि तसाच परत आला.

"किती गरम करायची?" त्याने विचारलं.

"बोट घालून बघा."

त्याने भांड्यात करंगळी बुडवली. कपाळाला आठ्या घालून उभा राहिला, बराच वेळ. मग माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं, कान जरासा पुढे करून.

"मला कळत नाहीये," तो म्हणाला.

"मग उभे राहा तसेच," मी म्हटलं. "कळेपर्यंत."